वैशालीताईंचे सहा चांगले दात

'नागपूरच्या जेवणापुढे व्हिनियर टिकत नाही.' हे वाक्य तुम्ही एखाद्या दंतवैद्याच्या तोंडून ऐकलं असेल, तर ते माझं आहे आणि ते खोटं आहे. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या मित्राबरोबर वीस वर्षं रोज सकाळी फिरायला जातो त्यालाही नाही. रामदासपेठेत माझा दवाखाना आहे. दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणतो आणि घरी येऊन तोंड मिटून बसतो. घरच्यांना वाटतं, स्वभावच अबोल आहे.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'व्यवसायातले गमतीदार अनुभव' मागितले होते. गमती आहेत. त्या आधी सांगतो, कारण नंतर सांगायची माझी हिंमत राहील असं वाटत नाही.

पण त्याआधी दोन वस्तू समजून घ्या. क्राउन म्हणजे टोपी. आमच्याकडे त्याला सगळे कॅपच म्हणतात. पेन्सिलीला टोक काढावं तसा दात चारही बाजूंनी कापायचा, मधे एक खुंट ठेवायचा आणि त्यावर चिनी मातीसारख्या पोर्सेलिनची टोपी बसवायची. रूट कॅनाल झालेली, अर्धी फुटलेली दाढ असेल तर कॅपसारखा उपाय नाही. व्हिनियर म्हणजे पोर्सेलिनचं पातळ पान. दाताचा फक्त समोरचा भाग नखाच्या जाडीइतका खरवडायचा आणि त्यावर ते चिकटवायचं. बाकी दात जसाच्या तसा. म्हणजे दात मजबूत आहे, फक्त दिसायला बरा नाही, तर व्हिनियर. त्याहून कमी काही करून भागत असेल तर त्याहून कमी. नियम चौथीच्या पोराला कळेल इतका सोपा आहे: जेवढा दात राखता येईल तेवढा राखा. कारण कापलेला दात परत येत नाही. केस येतात, नखं येतात, निवडणुकीत पडलेला माणूससुद्धा पाच वर्षांनी परत येतो. दात येत नाही.

आता लोक याकडे कसं बघतात ते ऐका. गेल्या वर्षी एक बांधकाम व्यावसायिक आले. आमच्याकडे दातांच्या रंगांची एक पट्टी असते. पिवळसरपासून पांढऱ्यापर्यंत सगळ्या छटा तिच्यात असतात. ती त्यांनी पाहिली, बाजूला सारली आणि खिशातून फरशीचा एक तुकडा काढला.

"हा शेड पाहिजे डॉक्टरसाहेब. बायकोनं पास केला."

"ही तर बाथरूमची टाइल दिसते."

"हो जी. इटालियन आहे."

मी दिला तो शेड. आता कुठल्याही उद्घाटनाच्या फोटोत ते कुठे उभे आहेत हे शोधावं लागत नाही.

दुसरे एक निवृत्त अधिकारी. कॅपसोबत कंपनीचं वॉरंटी कार्ड येतं, पंधरा वर्षांचं. त्यांनी ते लॅमिनेट करून ठेवलं. सहाव्या वर्षी कार्ड आणि कॅप दोन्ही माझ्या टेबलावर. कॅपच्या आत त्यांचा दात होता, मुळापासून मोडलेला.

"यावर पंधरा वर्षं लिहिलंय."

"काका, कॅप शाबूत आहे. आतला दात मोडला."

त्यांनी चष्मा पुसला. "म्हणजे पेशंट गेला, पण टोपी चांगली आहे. असंच ना?"

असंच. वॉरंटी टोपीची असते. तिच्याखाली काय होतं, ते कुठल्याच कार्डावर लिहिलेलं नसतं. काकांचं वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. का नेलं, ते पुढे येईल.

आता माझा सिद्धांत. नवीन दवाखाना टाकला होता, तेव्हा मी मुंबईला दोन दिवसांच्या कार्यशाळेत व्हिनियर शिकून आलो. टाय लावून प्रमाणपत्र घेतानाचा फोटो वेटिंग रूममध्ये टांगला. कार्यशाळेत सराव प्लास्टिकच्या दातांवर झाला होता. प्लास्टिकच्या दाताला लाळ नसते, जीभ नसते, आणि तो मधेच "डॉक्टर, किती वेळ?" असं विचारत नाही. माझे पहिले गिऱ्हाईक एक निवेदक होते. लग्नाचं रिसेप्शन, सत्कार, कोजागरी, जिथे माइक तिथे हे. समोरच्या दोन दातांत फट होती. मी दोन व्हिनियर लावले. तिसऱ्या दिवशी ते दवाखान्यात हजर.

"डॉक्टरसाहेब, तुमचा एक दात मी खाऊन टाकला."

"म्हणजे?"

"तर्री-पोहा खाऊन राहिलो होतो. मले वाटलं चना आहे. जरा कडक लागला. गिळला मग."

खरं कारण मला माहीत होतं. व्हिनियर चिकटवताना दाताला लाळेचा थेंबही लागून चालत नाही. त्यासाठी दाताभोवती रबराचा एक पडदा बांधतात. तो बांधायला वेळ लागतो, आणि मी तो बांधला नव्हता. पण मी त्यांच्या जबड्याला दोन बोटं लावली, गंभीर झालो आणि म्हणालो, "तुमचा चावा फारच जोरदार आहे."

माणूस खूश झाला. पुढे कित्येक कार्यक्रमांत त्यांनी स्वतःच्या चाव्याचा किस्सा सांगितला म्हणे. त्या दिवशी मला एक विद्या मिळाली, जी कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. स्वतःची चूक पेशंटच्या अंगावर टाकायची असेल तर ती कौतुकाच्या कागदात गुंडाळून टाकायची.

पुढच्या महिन्यात आम्हा दंतवैद्यांची बैठक होती. जेवणानंतर कुणीतरी व्हिनियरचा विषय काढला आणि मी उभा राहिलो. म्हणालो, सावजी मटण, तर्री, हाडं चावायची सवय, यापुढे व्हिनियर टिकत नाही, आपल्या भागात कॅपच. सगळ्यांनी माना हलवल्या. इतक्या एकमताने हलवल्या की मला तेव्हाच कळायला हवं होतं: यातल्या प्रत्येकाचा एकेक व्हिनियर कुणीतरी गिळलेला आहे. बऱ्याच वर्षांनी एक नवी डॉक्टर मुलगी माझ्याकडे नोकरीसाठी आली. मी व्हिनियरबद्दल विचारलं, तर तिने तेच वाक्य शब्दाला शब्द म्हणून दाखवलं.

"हे कुठे वाचलंस?"

"वाचलं नाही सर. आमच्या सरांनी सांगितलं. हे इथलं निरीक्षण आहे."

मी तिला नोकरीवर ठेवलं.

एवढंच असतं तर हा लेख इथेच संपला असता आणि तुम्ही पुढच्या पानावरच्या चकलीच्या जाहिरातीकडे वळला असता. पण तो सिद्धांत मांडल्यानंतर दोनेक महिन्यांनी वैशालीताई आल्या. हे नाव खरं नाही. बाकी सगळं खरं आहे.

तेव्हा त्या ताई नव्हत्या, बावीस वर्षांची मुलगी होती. चंद्रपूरकडच्या एका गावातली, शिक्षिकेचं शिक्षण पूर्ण झालेली. सोबत नागपूरची मावशी. मुलगी ओढणी तोंडासमोर धरून बसलेली, बोलणारी मावशीच.

"डॉक्टर, हिचे दात पाहा गा जरा. वैशाली, काढ वं हात."

तिने हात काढला. वरच्या समोरच्या सहाही दातांवर तपकिरी ढग. आमच्याकडे काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. दात हिरडीत तयार होत असतानाच, लहानपणी, ते पाणी प्यायलं की दातावर असे डाग उतरतात. आख्ख्या गावाच्या दातांवर असतात, त्यामुळे गावात कुणाला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते गावाबाहेरच्यांना.

"दोन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले," मावशी म्हणाली. "एकाच्या आईनं सरळ विचारलं, पोट्टी खर्रा खाते का म्हणे! पोरीनं जल्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही. अन् विचारून कोण राहिलं? तिचा पोट्टा गालात खर्रा दाबूनच बसला होता! चहा घ्याच्या आधी उठून खिडकीतून थुंकून आला!"

मुलगी हसली आणि हसता हसता हात परत तोंडावर गेला. सुपारी-तंबाखू घोटून केलेला तो खर्रा आमच्या शहराचं भूषण आहे. तो पुरुषाने खाल्ला तर सवय, आणि बाईच्या दातावर नुसता त्या रंगाचा डाग असला तर चारित्र्य. येत्या रविवारी तिसरे पाहुणे येणार होते. मधे आठ दिवस.

मी आरसा घेऊन दात तपासले. एकही किडलेला नव्हता. एकाची कडसुद्धा उडालेली नव्हती. इतके सरळ आणि घट्ट दात आमच्या खुर्चीत क्वचित येतात. डाग वरवरचे होते.

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "सर, माझे दात खराब आहेत का?"

यावर बरोबर उत्तर एका शब्दाचं होतं.

मी म्हणालो, "कमजोर आहेत."

"वरचा वरचा रंग घासून नाही का निघत?"

बघा. खुर्चीत बसलेल्या, दंतवैद्यकाचं एक पान न वाचलेल्या मुलीने बरोबर उपचार सुचवला होता. सौम्य आम्ल आणि प्युमिस नावाच्या दगडाची पूड घेऊन वरचा थर हलकेच घासायचा, मग ब्लीच. नाहीच जमलं तर व्हिनियर. त्याचं सगळं सामान माझ्याच कपाटात होतं, निवेदकांनी गिळलेल्या व्हिनियरनंतर न उघडलेलं. पण घासून किती निघेल याची मला खात्री नव्हती, व्हिनियर पुन्हा निघाला तर काय याची भीती होती, आणि कॅप मात्र डोळे मिटून जमत होती. मी माझ्या हाताला जे येतं ते तिच्या दातांना हवं आहे असं ठरवलं. वर ते शास्त्र म्हणून सांगितलं.

"नाही निघत. व्हिनियर लावला तर आपल्या जेवणापुढे टिकणार नाही. सहा कॅप करू. एकदम कायमचं."

मावशीने हात जोडले. मुलगी छताकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी ते सहा दात कापले. ज्यांना मी कमजोर म्हणालो होतो त्या दातांनी माझ्या ड्रिलची हिऱ्याची दोन टोकं बोथट केली. तिसरं टोक लावताना सिस्टर माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "हल्ली माल चांगला येत नाही."

कॅप बनवायला मापं महाल भागातल्या एका लॅबमध्ये जात. तिथे गजभियेभाऊ होते. आमच्या व्यवसायात हे लोक पेशंटला कधी बघत नाहीत. त्यांच्याकडे जातो तो प्लास्टरमध्ये ओतलेला जबडा. एक कापण्याआधीचा, एक नंतरचा. त्यामुळे शहरातला कोणता डॉक्टर काय कापतो हे डॉक्टरांच्या बायकांना नसेल माहीत तेवढं यांना माहीत असतं. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"साहेब, हे सहा दात किडले होते का?"

"काहून?"

"नाही, आधीचा मॉडेल पाहून राहिलो. दात एकदम कोरे दिसून राहिले जी. काहून कापले असन, असं वाटलं."

मी म्हणालो, "भाऊ, तुम्ही पोर्सेलिन पाहा. पेशंट मी पाहतो."

ते "हो जी" म्हणाले. नंतर कधीही काही विचारलं नाही. कॅप मात्र त्यांनी अशा केल्या की तशा मी पुन्हा पाहिल्या नाहीत. रविवारचे पाहुणे होकार देऊन गेले. मावशी संत्र्याची बर्फी घेऊन आली. लग्नात मला पहिल्या रांगेत बसवलं. फोटोत वैशाली मोठ्याने हसते आहे आणि तिचा हात खाली आहे. त्या फोटोवर मी बरेच दिवस स्वतःला माफ करत होतो.

चौथ्या वर्षी एका दाताची नस मेली. एवढा कापलेला दात कधी कधी आतून मरतो. कॅपला भोक पाडून रूट कॅनाल केलं. मग दुसऱ्याचं. दोन वर्षांपूर्वी तिसरा हिरडीपाशी मोडला, तो काढावा लागला. आता वैशालीताई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहेत, आवाजात अधिकार आहे, पण माझ्या खुर्चीत बसल्या की अजून तशाच.

"सर, तुमचा काही दोष नाही. माझे दातच वाईट. तुम्हाला किती वेळा त्रास."

आणि मी म्हणायचो, "हो, मुळातच कमजोर." दर वेळी. त्या माझी माफी मागत आणि मी ती देत होतो.

त्याच सुमारास गजभियेभाऊंनी लॅब बंद केली. आता माप म्हणजे तोंडात फिरवायचा कॅमेरा. फाइल जाते आणि यंत्र कॅप कोरून देतं. आवराआवर करून ते दवाखान्यात आले आणि पेपरात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. उघडलं तर प्लास्टरचा जबडा. तळाला पेन्सिलीने वैशालीचं नाव. कापण्याआधीचा.

"हा तुमच्याकडे अजून?"

"फेकवत नव्हता जी. असे दात लय कमी येतात. लॅबमधी नवीन कोणी शिकाले आला का त्याले हाच मॉडेल देत होतो हातात. चांगला दात कसा असते ते पाह्य म्हणो."

प्लास्टरला डाग येत नाहीत. डाग काढून टाकले की वैशालीताईंचे दात कसे होते, हे त्यांनी पंधरा-वीस वर्षं लोकांना शिकवलं होतं. मी "बरं" म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चहा संपवला आणि गेले.

या उन्हाळ्यात वैशालीताई मुलीला घेऊन आल्या. ऋतुजा, तेवीस वर्षांची, मिहानमध्ये सॉफ्टवेअरच्या कंपनीत. लहानपण आईच्या गावाकडच्या शाळेजवळ गेलेलं, त्यामुळे तेच पाणी आणि तेच तपकिरी ढग, जरा फिके.

"सर, माझ्या केल्या तशाच हिलेही कॅप करून द्या," वैशालीताई म्हणाल्या. "कायमचं काम होते."

"आई, थांब नं," ऋतुजा म्हणाली. "सर, मी सगळं वाचून आली आहे. चांगल्या दातावर कॅप कायले करायची? व्हिनियर असते, ब्लीच असते. आईचं तेव्हा व्हिनियर का नाही केलं?"

टेबलाच्या खालच्या खणात, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, ते प्लास्टरचं मॉडेल होतं.

मी म्हणालो, "तेव्हा हे तंत्र नागपुरात नव्हतं."

"पाह्य," वैशालीताई मुलीला म्हणाल्या, "सरांनी तेव्हा जे होतं त्यातलं सगळ्यात चांगलं केलं. तू आपली मोबाइलवर वाचून डॉक्टरांची परीक्षा घेऊन राहिली!"

ऋतुजाचा एकही दात मी कापला नाही. रबराचा पडदा बांधला, आम्ल आणि पूड घेऊन घासलं, ब्लीच केलं. दोन बैठका. दुसऱ्या बैठकीनंतर तिने आरशात पाहिलं आणि खुर्चीतच नाचल्यासारखं केलं. डाग शोधावे लागत होते. वैशालीताई जवळ आल्या, मुलीची हनुवटी धरून दिव्याकडे वळवली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"म्हणजे वरचा वरचा रंग घासून निघते," त्या हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सर, मी तेव्हा तुम्हाला हेच विचारलं होतं. आठवते?"

"इतक्या वर्षांपूर्वीचं…" मी म्हणालो. "आणि हे औषध नवीन आलंय."

प्युमिसची पूड नवीन नाही. माझ्या शिक्षकांच्या शिक्षकांकडेही होती. वैशालीताईंनी मान हलवली. पण या वेळी त्या माफी न मागता गेल्या. बर्फीचा डबा त्यांनी टेबलावर ठेवला तो माझ्याकडे न बघता.

त्यांना काय कळलं आणि काय नाही, मला माहीत नाही. दिवाळीनंतरच्या सोमवारी त्यांची वेळ आहे, काढलेल्या दाताच्या जागचं काम पूर्ण करायला. हा अंक तोपर्यंत माझ्या वेटिंग रूमच्या टेबलावर येईल. तो त्यांनी आपला आपण उघडावा आणि मी आत हातमोजे घालत बसावं, असाही एक विचार मनात येऊन गेला. वीस-पंचवीस वर्षांच्या सरावानंतर असे विचार आपोआप सुचतात. म्हणून त्या दिवशी त्यांच्याआधी कुणालाही वेळ दिलेली नाही आणि अंक टेबलावर ठेवू नका असं सिस्टरला सांगून ठेवलंय.

खणातलं ते मॉडेल वैशालीताईंचं आहे, ते मला त्यांच्या हातात द्यायचं आहे. आणि त्यांच्याकडे बघून सांगायचं आहे, की तुमचे दात कमजोर नव्हते, मला येत नव्हतं. एवढं देणं बाकी आहे.